विटांवर काढलेल्या विटा

२२ मार्च १९९२, रविवार

ठाण्याहून पत्र! कृष्णकांतरावांचं अक्षर पाहून फोडायलाच अर्धा तास लावला. १९ एप्रिलला, रविवारी, तिघंही येतायत — ते, त्यांच्या मिसेस आणि मुलगा सत्यजीत. "मुलांचं एकमेकांशी बोलणं झालंच आहे, आता एकदा तुमचं घर पाहू, म्हणजे पुढचं ठरवता येईल." तुमचं घर!

आता लिहूनच टाकतो, दुसरीकडे बोलायची सोय नाही. फेब्रुवारीत डोंबिवलीच्या लग्नात आमच्या चारुताची आणि सत्यजीतची गाठ घालून दिली, तेव्हा जेवताना कृष्णकांतरावांनी सहज विचारलं — पनवेलचं घर स्वतःचं का? आणि मी म्हणालो, हो, स्वतःचं. जीभ झडली नाही माझी. वर आणखी — "विटांचं आहे, जुनं मजबूत बांधकाम." बांधकामाचं कुणी विचारलं होतं?

सतरा वर्षं मी दयाराम पाटलांचा भाडेकरू आहे. वय छप्पन्न, दोन वर्षांत रिटायर होणार, आणि स्वतःची म्हणावी अशी एक भिंत नाही. पंक्तीत दोन्ही बाजूंना ब्लॉकवाले बसले होते. एकाचा मुलुंडला, एकाचा वाशीला. लाज वाटली. ती झाकायला खोटं बोललो. आता त्या खोट्याचीच लाज वाटते.

कुमुदला त्याच दिवशी सांगितलं होतं. ती नुसतं "बरं" म्हणाली. बायकोच्या या "बरं"ला मी फार भितो. चारुताला माहीत नाही.

२४ मार्च

कंपनीच्या बसमधून उतरल्यावर आज मुद्दाम फाटकाबाहेर थांबून परक्याच्या नजरेने घर पाहिलं. शोभा आहे नुसती! बाहेरून गिलावा नाही, सगळ्या उघड्या विटा. खालच्या चार फुटांवर मिठाचा पांढरा लोणा फुललाय. कुणी पिठाचे हात पुसल्यासारखा. दारावर सिमेंटमध्ये उठवलेली अक्षरं — "गंगाबाई निवास". गंगाबाई म्हणजे दयारामरावांची बायको.

एकोणीस तारखेच्या आत बाहेरून घर नवं दिसायला हवं. आतलं राहू दे. आत माणसं बसतात, बाहेरचं डोळ्यांत भरतं.

२९ मार्च, रविवार

दयाराम आले होते. दर उन्हाळ्यात येतात तसे, काथ्याचा ब्रश घेऊन. पासष्टी उलटली असेल, पण दोन तास भिंत झाडत होते. लोणा कोरडाच झाडायचा, पाण्याचा थेंब लावायचा नाही, हा त्यांचा नियम. या विटा त्यांच्याच भट्टीतल्या. मिठागराच्या बांधाजवळची माती, त्यामुळे मीठ अंगातच. घरही त्यांनी स्वतः बांधलंय. भट्टी गेली, मिठागर गेलं, जमीन सरकारने घेतली. हे घर राहिलं. भाड्यापेक्षा त्यांचा जीव विटांतच जास्त.

मी म्हटलं, यंदा मी माझ्या खर्चाने बाहेरून छान विटकरी ऑइल पेंट मारून घेतो. चारुताला बघायला मंडळी येतायत.

"पोरीचा जमतंय? बेस झाला!" म्हणाले. चेहरा इतका फुलला की मला दुसरीकडे बघावं लागलं. मग म्हणाले, "पन रंग नको मारू, कमलाकरभाऊ. या इटांना घाम येतो. रंगानं तोंड बांदलास तर फुगून भाईर येल. मी येतो ना झाडायला, आदल्या दिशी."

सगळ्यांना तूच म्हणतात ते. त्यांच्याकडची बोलीच तशी. पहिल्या वर्षी मला झोंबायचं. आता त्यांनी तुम्ही म्हटलं तर आजारी आहेत का विचारीन.

बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीवर बसून चहा प्यायले आणि गेले. नुसतं झाडून काय होणार? झाडलेलं जुनं घर ते जुनंच.

४ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली. दयाराम श्रीखंड द्यायला म्हणून डोकावले. म्हणजे आमच्याकडचं खायला! बुधवारी त्यांच्या घरचे सगळे कार्ल्याला एकवीरेच्या जत्रेला निघणार, तिथून उरणला मुलीकडे. १७-१८ पर्यंत नाहीत.

मनात पहिला विचार काय आला? — बरं झालं.

९ एप्रिल

कुमार पेंटरला आणलं. दुकानांच्या पाट्या रंगवतो, हात चांगला आहे. म्हणाला, आधी भिंत धुतली पाहिजे, नाहीतर रंग धरणार नाही. मी म्हटलं, धू. मला माहीत होतं पाणी लावायचं नाही. तरी म्हटलं, धू! विहिरीवरची मोटर चालू करून पाइपने सगळी भिंत सकाळभर न्हाऊ घातली. लोणा गेला. विटा काय लाल दिसल्या! नव्या नवरीसारखं घर.

कुमार म्हणाला, आठ दिवस वाळू द्या. आठ दिवस कुठून आणू? तोवर दयाराम परत येतील. परवापासून लाव म्हणालो.

कुमुद दारात उभी होती. "त्यांना विचारलंत का?" विचारलंय, म्हणालो. खरंच तर आहे, विचारलं होतं. नाही म्हणाले एवढंच.

१२ एप्रिल, रविवार

झालं! कुमारने आधी सगळी भिंत गुळगुळीत लाल केली, मग पट्टी धरून पांढऱ्या रेघा मारल्या. विटांवर विटा काढल्या! खालच्या खऱ्या विटा आणि वरच्या रेघा जमत नाहीत काही ठिकाणी, पण फाटकातून कळत नाही. शेजारच्यांनी विचारलं, घर विकत घेतलंत की काय? मी हसलो. नाही म्हणालो नाही. हे हसणं मला आता जमायला लागलंय, याची भीती वाटते.

चारुता बाहेरून आल्यावर बराच वेळ पाहत होती. "दयारामकाकांना आवडेल?" बस, एवढंच म्हणाली.

१५ एप्रिल

दक्षिणेकडच्या भिंतीला फोड आले.

१६ एप्रिल

पापडासारखे फोड. बोटाने दाबला तर पचकन आतून पाणी आणि पांढरा चिखल. उन्हाने आतलं पाणी बाहेर यायला बघतंय आणि मी दार लावून घेतलंय. कुमारला बोलावलं. त्याने हात वर केले — आठ दिवस सांगितले होते, साहेब. सांगितले होते. दोघांनी सांगितलं होतं.

कंपनीत दिवसभर स्टॉकचे आकडे चुकवले. रविवारी त्या तिघांसमोर भिंत गळत असेल आणि मी "जुनं मजबूत बांधकाम" म्हणून त्यांना बसायला सांगेन.

१८ एप्रिल, शनिवार

दयाराम आले. फाटकातच थांबले. मी ओरडा खायला तयार होतो. खरं सांगायचं तर ओरडले असते तर बरं वाटलं असतं. भिंतीजवळ गेले, तळहात टेकवला, तापाचं माणूस बघावं तसा. मग म्हणाले, "तिचा श्वास कोंडला रं."

मी चाचरत काहीतरी बोललो. मंडळी उद्याच… घाई झाली… त्यांनी हात उडवला. "ऱ्हाऊ दे. पोरीचा काम हाय. सकाल येतो. समोरची बाजू खरवडून टाकतो, गेरूचा हात देतो. मंडली कदी येनार? आकराला? तवर व्हतंय."

म्हणजे मी त्यांचं घर नासवलं आणि ते माझी लाज राखायला येणार! नको म्हणायला हवं होतं. निदान इतकं तरी सांगायला हवं होतं, की त्या लोकांना मी काय सांगून ठेवलंय. दोनदा तोंड उघडलं. दोनदा चहाच घ्या म्हणालो.

१९ एप्रिल, रविवार

आज लिहीत नाही.

२० एप्रिल

रजा टाकली. लिहितो. लिहिल्याशिवाय छातीवरचं उतरणार नाही.

काल सातलाच दयाराम आले. शिडी लावली, अंगात जुना बनियन, कमरेला टॉवेल, हातात तारेचा ब्रश. धूळ उडून डोक्यापासून पायापर्यंत लाल झाले होते. साडेनऊपर्यंत समोरची अर्धी भिंत साफ. मी म्हटलं, आता पुरे, तुम्ही हातपाय धुवा, अकराच्या आत आवरू. म्हणाले, "तू जा आंगोलीला. मी ही कड घेतो." कुमुद स्वयंपाकघरात होती, चारुता आत साडी नेसत होती. मी न्हाणीघरात गेलो.

आणि ते लोक दहालाच आले! ठाण्याहून कुणाची तरी गाडी मिळाली म्हणून. बाहेरून बोलण्याचे आवाज आले. मी कसाबसा आवरून, ओल्या डोक्याने बाहेर. तिघं अंगणात उभे. दयाराम शिडीवर. कृष्णकांतराव मान वर करून भिंत बघत होते.

माझ्या डोक्यात एकच — आता दयाराम काहीतरी बोलतील आणि सगळं बाहेर पडेल. कृष्णकांतरावांनी नुसतं शिडीकडे पाहून माझ्याकडे पाहिलं. त्यांनी काही विचारलंसुद्धा नव्हतं. मी म्हणालो —

"हा आमचा गवंडी. जरा डागडुजी चालू आहे."

आणि वर मान करून, मोठ्याने — "अरे ए, तू आता मागच्या बाजूला जा. पाहुणे आलेत."

सतरा वर्षांत त्यांना कधी तू म्हटलं नव्हतं. त्यांच्या तू-मध्ये मी घरचा होतो. माझ्या तू-मध्ये ते मजूर झाले. ब्रश थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. कुणी अनोळखी भाषेत बोलल्यावर माणूस बघतो तसं. मग सावकाश उतरले, शिडी उचलली आणि मागे गेले.

मी थांबावं ना! नाही. जीभ सैल सुटलेली. दारावरची अक्षरं दाखवून कुणी न विचारता म्हणालो, "आमच्या आईचं नाव." माझ्या आईचं नाव सरस्वती होतं. सत्यजीतच्या आई एकदम चपला काढायला वाकल्या. कृष्णकांतराव "हो का" म्हणाले.

पोहे झाले. चारुता आली, बोलली, छान बोलली. मग कुमुदने चहाचा ट्रे आणला — सात कप. पाहुण्यांचे तीन, आमचे तीन आणि सवयीने दयारामांचा एक, फुलांच्या सेटमधलाच. कृष्णकांतराव ट्रेकडे बघत होते, की मला तसं वाटलं, देव जाणे. मी म्हणालो, "त्याचा बाहेर दे." कुमुद हलली नाही. ट्रे हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मग मीच उठलो. तो सातवा कप उचलून मागे नेला. मोरीच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप असतो, प्लंबर, भंगी, मोळीवाला अशांसाठी. त्यात चहा ओतला आणि मागच्या पायरीवर ठेवला. दयाराम तिथे नळावर हात धूत होते. पाठमोरे. मी "चहा" म्हणालो आणि आत पळालो.

पाहुणे बारापर्यंत होते. "कळवतो" म्हणून गेले. मी मागे धावलो. दयाराम गेलेले. शिडी नीट भिंतीला टेकवून, ब्रश धुऊन उलटा ठेवलेला. पायरीवर कप तसाच, भरलेला, वर साय धरलेली.

चारुताने सगळं पाहिलं होतं. कुमुदकडून तिला डोंबिवलीचं खोटंही कळलं. ओरडली नाही. "बाबा, तुम्ही तो चहा ओतलात," एवढं म्हणाली आणि आत गेली. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

मला माझीच किळस येते.

२२ एप्रिल

ठाण्याहून काही नाही. दयारामांकडून काही नाही. चारुता ताट वाढून ठेवते आणि उठते.

संध्याकाळी कंपनीतून आल्यावर तारेचा ब्रश घेऊन दक्षिणेची भिंत खरवडायला घेतली. तासाभरात तीन हात झाली. बोटं सोलली. बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीही लाज वाटली.

२६ एप्रिल, रविवार

गेलो एकदाचा दयारामांकडे. पळस्प्याला एसटीतून उतरलो, तिथून गावापर्यंत चालत. वाटेत तीनदा परत फिरलो असेन.

दयाराम ओटीवर बसले होते. "ये," म्हणाले. नेहमीसारखं. गंगाबाई बाहेर आल्या, हसल्या — "पोरीचा जमला का वो?" म्हणजे घरी त्यांनी एक अक्षर सांगितलेलं नाही! मी नुसती मान हलवली. त्या चहा ठेवायला आत गेल्या.

मी म्हटलं, दयारामराव, मी त्या दिवशी… घर माझं आहे असं खोटं सांगितलं होतं त्यांना. म्हणून तुम्हाला गवंडी म्हणालो. माफ करा.

त्यांनी एकदम मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "गवंडी बोललास, त्याचा काय नाय. गवंडीच हाय मी. या हातानं बांदलाय तो घर. घर तुजा बोललास, त्याचा पन काय नाय. ऱ्हातंस, तर तुजाच." थांबले. "पन च्या तू पायरीवर ठेवलास."

मी उठलो, पुन्हा बसलो.

मी म्हटलं, त्यांना सगळं खरं लिहून कळवतो. ते एकदम पुढे झुकले. "येडा हायस काय? जमतंय ता मोडशील. पोरीचा लगीन व्हऊ दे, मंग काय सांगायचा ता सांग."

गंगाबाईंनी चहा आणला. ट्रेमधून, बशीसकट, सोनेरी काठाचे कप, कपाटातून काढलेले. पहिला माझ्यासमोर धरला. मी तो प्यायलो. कसा प्यायलो माझं मला माहीत.

२८ एप्रिल

लिहिलं पत्र. चारदा फाडलं, पाचव्यांदा टाकलं. स्टँडासमोरच्या पेटीत टाकून हात आत गेला तितका घालून पाहिला, निघतंय का म्हणून! नाही निघालं. बरं झालं.

लिहिलं — घर आमचं नाही, सतरा वर्षं भाड्याने राहतो. डोंबिवलीत मी खोटं बोललो. मालक श्री. दयाराम पाटील पळस्प्याजवळ राहतात, फार सज्जन आहेत. माझ्या खोट्याची शिक्षा माझ्या मुलीला देऊ नका, तिला यातलं काही माहीत नव्हतं.

शिडीचं नाही लिहिलं. चहाचं नाही लिहिलं. हात तिथे येऊन अडला. निम्मं तरी खरं सांगितलं ना — अशी स्वतःची समजूत घालतोय. घराविषयीची लाज सांगता येते असं आज कळलं. दुसरी नाही सांगता येत.

चारुताला पत्राचं सांगितलं. जेवताना तिने माझ्या पानात स्वतःहून आमटी वाढली. तेवढ्याने डोळे भरून आले. पण निम्म्याचंच सांगितलंय, हे तिला कळलं तर?

२ मे, शनिवार

दक्षिणेची भिंत संपली. कुमारच्या रेघा गेल्या. खालून आमच्या त्याच विटा निघाल्या, वेड्यावाकड्या, डाग पडलेल्या. कुमुद म्हणाली, "आता ओळखीचं दिसतंय." एवढं बोलली म्हणजे पुष्कळ.

ठाण्याहून काही नाही. मोडलंच असणार. मी मोडलं.

५ मे, मंगळवार

कृष्णकांतरावांचं पत्र. होकार! कुमुद रडली. चारुता देवापुढे गेली.

मी पुढचं पुन्हा पुन्हा वाचतोय, ते इथे उतरवून ठेवतो — "घराविषयी मोकळेपणाने लिहिलंत, बरं वाटलं. पण आम्हाला ते त्याच दिवशी कळलं होतं. आम्ही फाटकाशी आलो तेव्हा दयारामजी शिडीवरून उतरून सामोरे आले. म्हणाले, घर माझं, मी मालक, पण ही माणसं सतरा वर्षांत मला कधी परकी वाटली नाहीत. मुलगी माझ्या अंगाखांद्यावर वाढली आहे, डोळे मिटून न्या. त्यानंतर तुमच्याविषयी आणखी कुणाकडे चौकशी करावी असं आम्हाला वाटलं नाही."

एवढं बोलून ते पुन्हा शिडीवर चढले असणार. मग मी बाहेर आलो.